बोका बसला तर

"बसणार नाही," आरसेभाऊ म्हणाले.

"बसणार," शिंपी म्हणाला.

"अरे, घसरून पडेल! दोन हात मेण दिलंय. माशी बसली तरी तंगडी मोडून घेईल."

प्रश्न गल्लीतल्या लठ्ठ बोक्याचा होता. थंडी पडली की हा रोज सकाळी कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर चढून ताणून द्यायचा. दूधवाल्याची व्हॅन असो की डॉक्टरीणबाईंची छोटी गाडी, नुकती फिरून आलेली असली की स्वारी वर. फक्त आरसेभाऊंच्या निळ्या गाडीकडे तो ढुंकून बघत नसे. भाऊ त्याचं श्रेय आपल्या मेणाला देत. त्या गाडीत बघून लोक भांग पाडत, म्हणून तर त्यांचं नाव आरसेभाऊ.

"हिवाळा संपेपर्यंत बोका हिच्यावर झोपला नाही, तर झालरीचा फ्रॉक शिवतो, अंगात घालतो आणि गल्लीभर नाचतो," शिंप्याने जाहीर केलं. "झोपला, तर तुम्ही गल्लीला गाडीतून फिरवायचं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत. वहिनी पुढच्या सीटवर."

सगळे हसले. भाऊंच्या हातातलं फडकं थांबलं.

"हे बघ, थंडीत गाडी बाहेर काढली ना, की..."

"धूळ बसते, दव पडतं, रंग मरतो. पाठ झालंय आम्हाला."

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "अहो, लावा की पैज! फ्रॉकमधले शिंपीभावजी बघायचेत मला."

झालं. बायकोनेच सांगितल्यावर पैज लागली.

ऑपरेशन झाल्यापासून बायको तळमजल्यावरच्या त्या खिडकीशी पडून होती. गजांतून हात बाहेर काढला तर गाडीला लागेल, इतकी गाडी जवळ. गाडीचा निळा रंग तिनेच निवडलेला. दिवसभर ती त्याच्याकडे बघत राही आणि म्हणे, "पाय चालायला लागले की पहिल्यांदा गाडीतून आक्काकडे जायचं हं."

"जाऊ की. थंडी सरू दे," भाऊ म्हणत आणि फडकं पुन्हा मेणात बुडवत. तिचा हिरमोड होऊ द्यायचा नाही, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

आणि हात मात्र एक मिनिट रिकामे नसत. आधी साबणपाणी. मग मऊ कापडाने असं टिपायचं की थेंब राहता कामा नये, राहिला तर डाग. मग पॉलिश. मग मेण, अगदी पातळ, गोल गोल. थंडीत ते वाळायला वेळ घेतं. धुरकट पापुद्रा आला की दुसऱ्या फडक्याने हलकेच काढायचा.

"एवढी माया आमच्यावर कोणी केली असती तर आम्हीपण चमकलो असतो," शिंपी चिडवायचा. एकदा मान तिरकी करून म्हणाला, "भाऊ, गाडीला गर्व झालाय. पुढून नाक वर करून उभी आहे बघा."

"उताराची जागा आहे," भाऊ घाईने म्हणाले.

चार दिवसांनी शिंपी परत हजर. "आज नाक खाली? कोणी पाणउतारा केला की काय?"

भाऊ दारं पुसत राहिले.

शिंप्याने काय काय केलं नाही! बॉनेटवर दुधाची बशी ठेवली. बोक्याने दूध चाटलं, मिशा पुसल्या आणि जाऊन दूधवाल्याच्या व्हॅनवर झोपला. गल्ली शिंप्याला फ्रॉकचं माप विचारू लागली. थंडी ओसरत आली तसा भाऊंच्या जिवात जीव आला.

त्या दिवशी पहाटे ते नेहमीसारखे पाणी तापवायला उठले, तर बायको म्हणाली, "आज नको शेक. पाठ बरी आहे. तुम्ही पडा जरा."

ते पडले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती बाहेरच्या टाळ्यांनी.

रात्री गाडीवर घातलेल्या कव्हरवर, बरोबर बॉनेटच्या मधोमध, बोका चारी पाय वर करून झोपला होता. शिंपी शेजारी उभा, दोन्ही हात शालीत घट्ट लपेटलेले.

भाऊंनी बोक्याशेजारी तळवा टेकला. कोमट! गल्लीत तर अजून ऊनही आलेलं नव्हतं. पण विचार करायला सवड कुठली?

"फिरवा! फिरवा!" गल्ली ओरडत होती.

"मेण ओलं आहे रे. बॅटरीचंही काही खरं नाही. उद्या..."

"पैज म्हणजे पैज!"

भाऊ वळले. दारात बायको उभी होती. स्वेटर, ठेवणीतली शाल, एक हात भिंतीला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती आपल्या पायांनी दारापर्यंत आली होती.

"चला," ती म्हणाली.

आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भाऊंना झालं. बोका उतरला, कव्हर निघालं, बायको पुढे बसली. मागे तीन आज्या आणि त्यांच्या मांडीवर नातवंडं. भाऊ स्टिअरिंगमागे बसले.

"अगं, तुला एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी..."

"आधी चावी फिरवा."

त्यांनी फिरवली. आवाज आला नाही. येणार कुठून? त्या चकचकीत झाकणाखालचं इंजिन ऑपरेशनच्या खर्चात कधीच विकलं गेलं होतं, आता त्याच्या जागी नुसती वाळूची पोती होती. भाऊंनी डोळे मिटले आणि गल्ली हसायची वाट बघू लागले.

गाडी हलली.

त्यांनी आरशात पाहिलं. दूधवाला, डॉक्टरीणबाई, अख्खी गल्ली डिकीला खांदा लावून वाकली होती. मध्ये शिंपी, गाल फुगवून तोंडाने घुर्रर्र करत.

बायको समोर रस्त्याकडे बघत होती.

"टपालपेटीशी हळू वळवा, मागे म्हातारी माणसं ढकलतायत," ती म्हणाली. "आणि घरी गेलो की शिंपीभावजींकडून माझी शेकायची पिशवी तेवढी परत आणा."