माहेरचं पाणी

सत्त्याहत्तर सालच्या दिवाळीत मंदाबाई नवऱ्यासोबत धरणावर नावेतून फिरायला गेली. भर पाण्यात नाव एकाएकी थांबली. तानबा नावाडी वल्हं मारून घामाघूम झाला, पण नाव जागची हलेना. शेवटी त्यानं हळूच विचारलं, "बाई, या धरणात बुडालेलं गाव तुमचं माहेर व्हय का जी?"

"हो. तुमाले कसं मालूम?"

"इथं लेकीसाठीच नाव थांबते. आता खालून हाक येईन. काई झालं तरी ओ देऊ नका."

मंदाबाईनं खाली पाण्याकडं पाहिलं. नाव थांबायच्या जरा आधीच कोणीतरी तिला माहेरच्या नावानं "ठके!" अशी हाक मारली होती, आणि ती सवयीनं बोलून गेली होती, "आली वं माय."