हाताची पारख

"पारख म्हणजे काय, सांगा की मास्तर," हंबीरराव म्हणाले, आणि कस्तुरी म्हशीच्या शिंगांना मोरपिसे बांधणारे सगळे हात थांबले.

दिवाळी पाडव्याची सकाळ होती. कसबा बावड्याच्या मैदानात म्हशी पळवण्याची वेळ झाली होती. मालक मोटारसायकलवरून पुढे जाणार, आणि ओळखीच्या गाडीचा आवाज ऐकून त्याची म्हैस मागे धावणार. नेमक्या याच गर्दीत, राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मराठी शिकवणाऱ्या अभिरामने हंबीररावांच्या लेकीला, पूर्णिमेला, मागणी घातली होती. आठवडाभर घोकलेली चार वाक्ये त्याने एका श्वासात संपवली होती.

"पारख दुरून होत नाही," तो खाली पाहत म्हणाला. "रोज जवळ जावं लागतं. एका नजरेत होतो तो नुसता अंदाज."

गर्दी हसली. हंबीररावांनी त्याचा तळहात उलटून पाहिला.

"पावणं, आम्ही एका नजरंत जोखतो. म्हैस असू दे, न्हाय तर माणूस. हा खडूचा हात. गोठ्यातला न्हाय. धारंचा हात बघायचा तर आमच्या पूर्णिमेचा बघा. मी वैरणीला गेलो की पहाटंची धार तिच्याकडं. आषाढापासनं कस्तुरी दीड लिटर जास्त देतीया."

पूर्णिमा झेंडूच्या माळेकडे पाहत राहिली.

अभिरामने स्कूटर सुरू केली. निघून जाणे त्याला नेहमीच चांगले जमत असे.

त्या आवाजासरशी कस्तुरीने कान टवकारले. हंबीररावांनी मोटारसायकल रेटली, हाका मारल्या. तिने तिकडे वळूनही पाहिले नाही. घुंगरांचा कल्लोळ उठला. अभिरामने मागे पाहिले आणि घाबरून वेग वाढवला. तिनेही वाढवला. माणसे बाजूला पळाली, टोप्या उडाल्या, हलगीवाल्याचे भान सुटले. मैदानाला पुरता वळसा घालून तो थांबला, तेव्हा कस्तुरी त्याच्या खांद्यावर तोंड घासत होती, आणि तो, आयुष्यात पहिल्यांदाच, चारचौघांत मोठ्याने हसत होता.

हंबीरराव धापा टाकत आले.

"ही परक्याच्या गाडीमागं पाऊल टाकत न्हाय," ते म्हणाले. मग त्यांनी अभिरामचा तळहात पुन्हा उलटून पाहिला. या वेळी सावकाश.

पूर्णिमेने पदर सावरला.

"आबा, आषाढापासनं पहाटंची धार ह्यांची हाय."