वाऱ्याचा बाण

चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखलेल्या नव्या अंगणवाडीत वच्छलाबाई उभ्या राहिल्या. गेली एकोणीस वर्षं त्या इथल्या सेविका. म्हणाल्या, "मॅडम, एवढी मोठी खिडकी पश्चिमेला? चंद्रपूरचा मे महिना आहे हा. लेकरं झोपणार नाहीत, भाजतील."

"टेकडी दिसावी म्हणून ठेवलीय," आर्किटेक्ट ऋजुता म्हणाली.

गवंडी देवाजींनी नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "उत्तरेचा बाण आहे. वाऱ्याचा कुठं आहे?"

ऋजुताला रागच आला. हाच नकाशा स्पर्धेत पहिला आला होता. पण पुण्याहून आल्यापासून इथल्या वाऱ्याबद्दल तिने कुणालाच विचारलं नव्हतं, हेही खरं होतं. तिने खिडकीची रेघ पायाने पुसली आणि फक्कीचं घमेलं वच्छलाबाईंच्या हातात दिलं. "तुम्ही आखा."

उन्हाळ्यात गार वारा तळ्यावरून येतो म्हणत वच्छलाबाईंनी त्या बाजूला दार काढलं. पश्चिमेच्या भिंतीत विटा उभ्या लावू, मधे पोकळी राहिली की आतली बाजू तापत नाही, असं देवाजी म्हणाले. ती भिंत छताचा भार पेलेल का, याचं गणित ऋजुताने तिथेच मातीत बसून केलं.

पुढच्या मे महिन्यात विजेचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस दुपारी मीटरवर टिचक्या मारत राहिला. "बाई, तुमचं मीटर बंद पडलंय. या उन्हात एवढंसंच रीडिंग?"

"मीटर चालू आहे. पंखा बंद आहे," वच्छलाबाई कुजबुजल्या. "आणि हळू बोला ना भाऊ, लेकरं झोपली आहेत."