तित्तिराचं उत्तर

सोकोलोनं ओठ आवळून तित्तिराची हाक दिली. काटेरी जाळीतून लगेच उत्तर आलं. भुकेल्या पोटावर सरपटत तो पुढे निघाला. पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. आता दहा पावलंही उरली नव्हती. त्यानं गुडघ्यावर बसून बाण लावला, दोरी कानापर्यंत ओढली आणि नेम धरायला शेवटची हाक घातली.

उत्तराच्या शेवटी बारीकशी उचकी होती. आधीच्या दोन्ही उत्तरांतही होती, हे त्याला आत्ता आठवलं. तित्तिराला उचकी लागत नाही. ती त्याच्या मेलेल्या बापाच्या हाकेत असायची, आणि बापानं ही हाक फक्त त्याला आणि त्याच्या थोरल्या भावालाच शिकवली होती.

म्हणजे जाळीतला शिकारीही हाकेच्या रोखानं नेम धरून बसला असणार. दोरी सैल करत सोकोलो ओरडला, "दादा! बाण सोडू नकोस, मी आहे!"

जाळीतून मदुरू उठला. मधाच्या पोळ्यावरून भांडून दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडे वेगळा तळ मांडलेला थोरला. त्याचं धनुष्य मागे झाडाला टेकवलेलं होतं.

"बाण कसला सोडतोय, गाढवा? तुला मी पहिल्याच हाकेला ओळखलं," तो म्हणाला. "म्हटलं, बघू तरी, मला ओळखायला तुला किती वेळ लागतो."