उलटी गाठ

शेजारच्या राष्ट्राला विकलेल्या क्षेपणास्त्रभेदी लेझरचा आरसा तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा साहेब वैतागले. “मास्तर, तुमचा हात थरथरायला लागला की काय? चौथ्यांदा परत आला, तर नोकरी गेली समजा!” चाळीस वर्षे आरसे घासण्यात घालवलेल्या मास्तरांना त्यात बोटाच्या ठशाइतकीही खोट सापडली नाही. आरशाभोवतीच्या कापडाची गाठ मात्र त्यांनी सोडतानाच ओळखली होती. डाव्या हाताने मारलेली, उलटी. “डावखुरे, सरळ गाठ मार की गं!” असे ते लेकीला आरसे बांधायला शिकवताना कितीदा ओरडले होते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या राष्ट्रात गेलेली लेक आता तिथे आरसे तपासत होती तर. लेझरवर काम करणाऱ्यांना मात्र सीमेपार साधे पत्रही पाठवायला बंदी होती. मास्तरांनी आरसा पुन्हा लख्ख केला. मग हातमोजा काढून काचेच्या कडेवर उघडा अंगठा अलगद टेकवला.