संशयाचा फायदा

डाव्या डोळ्यावर पट्टी, हनुवटी यंत्राच्या टेकूवर आणि हातात बटण. पंच श्वास रोखून बसले होते. समोर पांढऱ्या वाडग्यासारखा पोकळ घुमट होता. मधल्या पिवळ्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. एवढंच काम. वरच्या बाजूला काहीतरी चमकलं. चमकलं का? चमकल्यासारखं वाटलं. पंचांनी बटण दाबलं नाही.

पंचांना काचबिंदू होता. हा आजार मोठा लबाड. दुखत नाही, खुपत नाही. नजरेच्या कडेकडून गुपचूप कुरतडत आत येतो, आणि मधलं सगळं स्वच्छ दिसत असल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून रोज डोळ्यांत थेंब घालायचे आणि वर्षातून एकदा या घुमटापुढे येऊन बसायचं. पंच थेंब घड्याळ लावून घालत. काळजी मात्र दिवसभर करत. मागच्या महिन्यात त्यांचा पाय फरशी पुसायच्या बादलीत गेला, तेव्हा खालची नजर गेलीच असं त्यांनी जाहीर केलं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, बादली उचलली आणि म्हणाल्या, "दाराआड होती. दाराआडचं मलाही दिसत नाही."

पण पंचांचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. एकतीस वर्षं ते क्रिकेटच्या सामन्यांत पंच म्हणून उभे राहत होते. नजर आणखी आक्रसली तर पांढरी टोपी कायमची खुंटीला लागणार होती. त्या टोपीशिवाय रविवारी करायचं काय, हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

म्हणून या वेळी ते ठरवून आले होते. गेल्या वर्षी आपण भराभर बटण दाबलं. कोण जाणे, स्वतःच्या डोळ्यांना फुकटचे गुण दिले असतील. आता तसं नाही. सख्ख्या मेहुण्याला त्यांनी पहिल्याच चेंडूवर बाद दिलं होतं. डोळ्यांचे तरी लाड कशाला?

दोन्ही डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा कागद आणि आजचा कागद शेजारी शेजारी ठेवला. आजच्या कागदावर न दिसलेल्या जागांचं काळं बरंच पसरलं होतं.

"थेंब चुकले का, काका?"

"एकही नाही."

"डोळ्यांतला दाबही चांगला आहे," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या. "तरी इतका फरक? हे खरं असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल. आणि मैदानावरचं काम..."

 शेजारी बसलेल्या काकूंनी पंचांकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात त्या हा चेहरा ओळखायला शिकल्या होत्या.

"अहो, दिवा दिसला की लगेच दाबत होतात ना?"

"दिवा होता अशी खात्री पटली की दाबत होतो."

"आणि अंधुक दिसला तर?"

पंच ताठ बसले. "संशय असेल तर बोट वर करायचं नाही. नियम आहे."

"बघा," काकू डॉक्टरांना म्हणाल्या. "आमटीत मीठ कमी आहे का विचारलं तर वाटी संपल्यावर सांगतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लहान मुलाला बेरीज शिकवावी तशा त्या सावकाश बोलू लागल्या. "काका, ते ठिपके अंधुकच असतात. मुद्दाम तसे दाखवतात. तुम्हाला कुठवर अंधुक दिसतं तेच तर मोजायचं असतं. तुम्ही खात्रीची वाट बघत बसलात, की यंत्राला वाटतं यांना दिसलंच नाही. दिसल्यासारखं वाटलं की दाबायचं. न्यायनिवाडा यंत्राचा, तुमचा नाही."

"चुकीचं दाबलं गेलं तर?"

"दोन-चार चुकले तर चालतात. वाटलं, की दाबा."

अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर पंच पुन्हा घुमटापुढे बसले. पहिल्यांदा बटण दाबताना त्यांना चोरी केल्यासारखं झालं. दहाव्या वेळी तितकं वाईट वाटलं नाही. पुढे पुढे तर मजा वाटू लागली. वाटलं, दाबलं. वाटलं, दाबलं. एकतीस वर्षांत इतकं मोकळं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

नवा कागद आला. डॉक्टरांनी तो गेल्या वर्षीच्या कागदावर ठेवून उजेडात धरला. "जिथं होतं तिथंच आहे. तसूभर हललेलं नाही. थेंब चालू ठेवा, आणि टोपी इस्त्री करून ठेवा."

 जिना उतरताना पंचांनी काकूंचा हात धरला, आणि आधारासाठी नव्हे हे दोघांनाही कळलं.

रविवारी दुपारी बाराला घरचा फोन वाजला. पलीकडे सामन्यातल्या एका संघाचा कर्णधार होता. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"काकू, दिवसभराचा सामना होता. दोन्ही संघ आत्ताच संपले. वीसच्या वीस जण बाद. त्यातले चौदा पायचीत. एकाच्या तर पायाला चेंडू लागलाच नव्हता. विचारलं तर काका म्हणतात, वाटलं की द्यायचं, डॉक्टरांनी सांगितलंय. काकू, त्यांना दिसतंय ना नीट?"

"डोळे ठणठणीत आहेत रे," काकू म्हणाल्या. "आता बोट कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, ते विचारते."