दोन तासांचं माहेर

सकाळी सासूबाई गेल्याचा फोन आला. बायकोचं माहेर बाराशे किलोमीटर लांब, विमानाने दोन तासांवर. विमानात एकच जागा मिळाली, म्हणून ती एकटीच निघाली. "मी पोचेपर्यंत आईला नेऊ नका म्हणावं," एवढंच ती विमानतळाच्या दारात पुन्हा पुन्हा सांगत होती.

विमान उडाल्याचं फलकावर बघून मगच नवरा गाडीकडे वळला. किल्ली लावतो न लावतो तोच तिचा फोन आला.

"पोचले हो मी." आवाज रडून रडून बसलेला होता, पण शांत.

"अगं, आत्ता तर विमान सुटलं. कुठे पोचलीस?"

"घरी. आईनेच दार उघडलं."

दुःखाने तिला भ्रम झाला असावा, असं वाटून तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, शेजारी बसलेल्या कुणाला तरी फोन दे बघू."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग सासूबाईंचा तो खणखणीत आवाज आला.

"जावईबापू, पोर फार दमलीय हो. आता मी काही हिला परत पाठवत नाही."